दूध-खव्यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन मास स्पेकवर मोजताना दोन पेप्टाइड दोन आकडे देतात, कुठला धरायचा?

करवीरकन्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. म्हशीचं दूध आणि त्याचा खवा यांतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन (पुढे नुसतं बी-लॅक) ट्रिपल क्वाड्रुपोलवर, म्हणजे ठरावीक वस्तुमानाचे तुकडे निवडून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, मोजायची पद्धत कोल्हापुरात बसवतेय. दोन गोष्टी हव्यात. नमुन्यात बी-लॅक एकूण किती, आणि म्हशीच्या म्हणून आलेल्या दुधात-खव्यात गाईचं किती.

पद्धत अशी: दूध ४ °से ला ३००० जी वर २० मिनिटं फिरवून मलई काढायची. खालचं १० मायक्रोलिटर दूध ९९० मायक्रोलिटर बफरमध्ये (५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट, १ टक्का सोडियम डीऑक्सिकोलेट). त्यातलं ५० मायक्रोलिटर, म्हणजे साधारण २० मायक्रोग्रॅम प्रथिन. डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडायला) १० मिलिमोलर, ६० °से, ३० मिनिटं. आयोडोअ‍ॅसिटामाइड २५ मिलिमोलर (मोकळे झालेले सिस्टीन झाकायला, म्हणजे अल्किलीकरण), अंधारात ३० मिनिटं. उरलेलं मारायला पुन्हा डीटीटी. ट्रिप्सिन (लायसिन-आर्जिनिननंतर प्रथिन कापणारं विकर) १:५०, ३७ °से, रात्रभर. फॉर्मिक आम्ल १ टक्का, डीऑक्सिकोलेटचा साका खाली बसवून वरचं पाणी सी-१८ वर (पेप्टाइड धरून सफाई करायला).

दोन पेप्टाइड मोजतेय (कंसात प्रथिनातल्या जागा; आधी अख्ख्या पेप्टाइडचं वस्तुमान भागिले भार, मग ते तोडल्यावर शेपटीकडून मिळणाऱ्या तुकड्यांचं, म्हणजे वाय आयनांचं):

व्हीएलव्ही (९२ ते १००): व्ही-एल-व्ही-एल-डी-टी-डी-वाय-के. ५३३.३० वरून वाय-७ ८५३.४३, वाय-६ ७५४.३६, वाय-५ ६४१.२८. गाय-म्हैस दोघांत सारखं, त्यामुळे एकूण बी-लॅकसाठी.

एलएसएफ (१४९ ते १६२): एल-एस-एफ-एन-पी-टी-क्यू-एल-ई-ई-क्यू-सी-एच आणि शेवटी गाईत आय, म्हशीत व्ही. गाईचं ८५८.४१ वरून ६२७.७९ (वाय-१०, दोन भार), म्हशीचं ८५१.४० वरून ६२०.७९. दोन्ही मिळून एकूण.

जड पेप्टाइड (तेच पेप्टाइड, पण जड अणूंचं लेबल लावलेलं, तुलनेचं प्रमाण म्हणून) डायजेशन संपल्यावर, सी-१८ च्या आधी टाकते. कच्च्या दुधात दोन्ही पेप्टाइडचे आकडे दहा टक्क्यांच्या आत जुळतात. आटवलेल्या दुधात व्हीएलव्ही खाली सरकतो. खव्यात तर तो एलएसएफच्या निम्म्यावरही येत नाही. जड पीकचं क्षेत्रफळ मात्र कच्च्यात, आटवलेल्यात, खव्यात जवळपास तेच. कुठला आकडा खरा धरायचा?

ट्रिपलक्वाड

ताई, मांडणी नेटकी आहे. उत्तराआधी चार गोष्टी सांगा.

१. जड पेप्टाइड अमिनो आम्ल विश्लेषणाने मोजून आलेत की कच्चे? कच्च्या पेप्टाइडच्या बाटलीवर १ मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यात टीएफएचं (पेप्टाइड शुद्ध करताना वापरलेल्या आम्लाचं) मीठ आणि पाणी असतं. खरं पेप्टाइड बऱ्याचदा ६० ते ८० टक्केच भरतं. तेवढ्यावर पिकोमोल सांगता येत नाहीत, फक्त नमुन्या-नमुन्यातली तुलना करता येते.

२. एलएसएफच्या जड पेप्टाइडमध्ये लेबल कुठे आहे? हे प्रथिनाचं शेपूट आहे, शेवटी लायसिनही नाही आणि आर्जिनिनही नाही. त्यामुळे नेहमीचं जड लायसिनचं +८.०१४ किंवा जड आर्जिनिनचं +१०.००८ चालत नाही. शेवटचा आयसोल्युसिन जड (+७.०१७) आणि म्हशीच्यात शेवटचा व्हॅलिन जड (+६.०१४) घेतला तर सगळे वाय आयन सरकतात. ते सगळ्यात बरं.

३. लेबल कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ चं आहे ना? ड्युटेरियमचं असेल तर जड पेप्टाइड कॉलमवरून जरा आधी उतरतं. मग हलकं आणि जड एकाच क्षणी स्रोतात नसतात आणि आयन दडपले जातात त्याची भरपाई नीट होत नाही.

४. डायजेशनचा वेळेनुसार आलेख काढलाय का?

करवीरकन्या

१. दोन्ही मोजून आलेले. २. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, शेवटचेच. ३. कार्बन-नायट्रोजन. ४. कच्च्या दुधावर १, २, ४, ८, १६, २४ तास काढलाय. व्हीएलव्ही ४ तासांत सपाट होतो, एलएसएफ ८ तासांत. खव्यावर काढलेला नाही.

अवनी_प्रथिन

मग उपकरणाकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही. जड पीक सगळीकडे सारखं आहे, म्हणजे सी-१८, इंजेक्शन, आयनीकरण ठीक. फरक पडतोय तो जड पेप्टाइड टाकण्याच्या आधी.

या कामात हे एक सूत्र पक्कं धरायला हवं: लेबल लावलेलं प्रमाण ज्या पायरीवर आत जातं, त्या पायरीनंतर जे होईल त्याचीच भरपाई ते करतं. डायजेशननंतर पेप्टाइड टाकलं, तर डायजेशन अर्धवट राहिलं तरी त्या पेप्टाइडला पत्ता नसतो. २००३ मध्ये अ‍ॅक्वा पद्धत आली तेव्हापासून लोक जड पेप्टाइड विकत घेऊन 'निरपेक्ष' आकडे देताहेत. त्यातले बरेच आकडे खरं तर 'ट्रिप्सिनने जेवढं मोकळं केलं तेवढं' असतात. कच्च्या दुधात तुमचे दोन पेप्टाइड जुळतात, कारण तिथे ट्रिप्सिनने काम पूर्ण केलंय.

पायऱ्या चढत्या क्रमाने अशा, प्रत्येकीपुढे भरपाई कशाची होते ते:

डायजेशननंतर जड पेप्टाइड: फक्त सफाई, इंजेक्शन, दडपण.
डायजेशनआधी जड पेप्टाइड: वरचं सगळं, शिवाय डायजेशनच्या वेळात पेप्टाइडचा जो नाश होतो तोही.
डायजेशनआधी पंख लावलेलं पेप्टाइड, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रथिनातलेच तीन-चार अवशेष जोडलेलं (व्हीएलव्हीसाठी एन-ई-एन-के मागे आणि के-वाय-एल पुढे): तोडणीचीही थोडी भरपाई. पण घडी घातलेल्या प्रथिनापेक्षा हा तुकडा ट्रिप्सिनला फार सोपा असतो.
क्यू-कॉनकॅट (२००५): अनेक पेप्टाइड एकामागे एक जोडून जिवाणूत बनवलेलं प्रथिन. पेप्टाइडचं परस्पर प्रमाण पक्कं राहतं, पण शेजार खरा नसतो.
पूर्ण लेबल लावलेलं बी-लॅक, दूध पातळ करतानाच टाकलेलं: लॅबमधल्या जवळपास सगळ्या पायऱ्या.

पण यातलं काहीही घेतलं तरी खव्याचा प्रश्न सुटणार नाही. तिथलं नुकसान लॅबमध्ये झालेलं नाही, कढईत झालंय.

बीटालॅक

अवनीताईंच्या शेवटच्या ओळीपासून पुढे.

बी-लॅकचा क्रम डोळ्यासमोर ठेवा. व्हीएलव्ही मोकळा व्हायला ट्रिप्सिनने ९१ च्या लायसिननंतर आणि १०० च्या लायसिननंतर, दोन्हीकडे कापायला हवं. दुधात लॅक्टोज भरपूर. आटवताना, ढवळताना, कढईच्या तळाशी लॅक्टोज लायसिनच्या अमिनो गटाला चिकटतो. हीच मेलार्डची पहिली पायरी. एका लॅक्टोजमागे वस्तुमान ३२४.१०६ ने वाढतं आणि त्या लायसिनवर ट्रिप्सिन कापत नाही. बी-लॅकमध्ये ९१ आणि १०० हे दोन्ही लॅक्टोज सहज पकडणारे लायसिन म्हणून ओळखले जातात.

एलएसएफचं तसं नाही. तो १४८ च्या आर्जिनिननंतर सुटतो, आत एकही लायसिन नाही आणि पुढे प्रथिन संपतंच. लॅक्टोजने कितीही धुमाकूळ घातला तरी त्याच्या सुटण्यात अडथळा येत नाही.

प्रथिन नुसतं साकळून खाली राहिलं असतं, तर दोन्ही पेप्टाइड सारखेच पडले असते. लायसिनच्या मध्ये अडकलेलाच पडतोय, तेव्हा लॅक्टोजवर संशय घ्यायला जागा आहे.

पडताळा असा घ्या. खव्याच्या डायजेस्टमध्ये आय-डी-ए-एल-एन-ई-एन-के आणि व्हीएलव्ही जोडलेलं, मधल्या लायसिनवर एक लॅक्टोज असलेलं पेप्टाइड शोधा. तीन भारांवर ७६३.०५. तोडल्यावर गॅलॅक्टोज गळून १६२.०५ चं नुकसान दिसलं पाहिजे. कच्च्या दुधात हे पीक नसावं किंवा अगदी नाममात्र असावं.

दुसरा पडताळा आणखी पेप्टाइड घेऊन. टी-पी-ई-व्ही-डी-डी-ई-ए-एल-ई-के (१२५ ते १३५, ६२३.३०) आर्जिनिननंतर सुरू होतो, लायसिनवर संपतो. ए-एल-पी-एम-एच-आय-आर (१४२ ते १४८) लायसिननंतर सुरू होतो, आर्जिनिनवर संपतो. या दोघांच्या एकाच टोकाला लायसिन आहे. कारण लॅक्टोज असेल तर हे दोघं व्हीएलव्ही आणि एलएसएफच्या मध्ये कुठेतरी पडतील. सगळे लायसिन सारखे पकडत नाहीत, म्हणून अगदी मधोमध येतील असं नाही.

यातल्या पहिल्याला स्वतःचा एक त्रास आहे. त्याच्या शेवटी ई-के आणि पुढे एफ-डी-के. लायसिनच्या दोन्ही बाजूंना आम्लधर्मी अवशेष, त्यामुळे ट्रिप्सिन तिथे मुळातच अडखळतं आणि १२५ ते १३८ चं लांब पेप्टाइड (८१८.३९) मागे राहतं. कच्च्या दुधातसुद्धा. दोन्ही मोजून बेरीज करा, नाहीतर तिसराच आकडा हाती येईल.

व्हीएलव्हीच्या पुढेही लगेच दुसरा लायसिन आहे, १०१ वा. ट्रिप्सिनने १०० ऐवजी १०१ नंतर कापलं की एक के जास्त असलेलं ५९७.३४ मिळतं, आणि टोकाचा एकटा के काढणं ट्रिप्सिनला जमत नाही. कच्च्या दुधातल्या दहा टक्के फरकातला काही भाग तिथे असण्याची शक्यता आहे. तेही पाहा.

पन्हाळ्याचा_वारा

बीटालॅक सर, लई भारी. जोडीला एक. एलएसएफमध्ये १६० ला सिस्टीन आहे. जड पेप्टाइड विकत येतं ते अल्किलीकरण करूनच. नमुन्यातलं अल्किलीकरण अर्धवट राहिलं तर हलकं तेवढंच घटणार, जड जागचं हलणार नाही. म्हणजे इथंपण अवनीताईंचंच सूत्र. मोकळ्या सिस्टीनचं पीक ८२९.९० वर बघा (गाईचं, दोन भार). आयोडोअ‍ॅसिटामाइड दर वेळी ताजं विरघळवा, फॉइल गुंडाळा. पिवळट दिसलं तर टाकून द्या, त्यात आयोडीन सुटलेलं असतं. आणि २५ मिलिमोलर ठेवलंय तर डीटीटी १० च्या वर नेऊ नका. डीटीटीच्या एका रेणूला दोन थायोल असतात, १० म्हणजे २० झाले.

करवीरकन्या

ही सगळी पीक शोधते. त्याआधी खव्याच्या तयारीबद्दल विचारते. सध्या खवा बफरमध्ये कुसकरून, फिरवून, वरचं द्रव घेतेय, डीटीटी नंतर. यात काही अडचण?

बीटालॅक

मोठी अडचण. बी-लॅक तापलं की त्याचा मोकळा थायोल उघडा पडतो आणि कापा-केसिन या दुधातल्या दुसऱ्या प्रथिनाशी डायसल्फाइड बंध धरतो. उकळलेल्या दुधात बी-लॅक पाण्यात मोकळं राहत नाही, केसिनच्या कणांना चिकटतं. डीटीटीच्या आधी फिरवलं तर ते खाली गाळात जातं आणि एलएसएफसुद्धा कमी दिसतो. दोन्ही पेप्टाइड एकाच प्रमाणात कमी, म्हणून जुळताना दिसतील आणि फसवतील.

खव्यासाठी असं करा:

१ ग्रॅम खवा, ९ मिलिलिटर बफर: ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेट, २ टक्के डीऑक्सिकोलेट, १० मिलिमोलर डीटीटी. मुसळीने कुसकरा, ६० °से ला ३० मिनिटं, मधे दोनदा सोनिकेटरच्या पाण्यात ५-५ मिनिटं. गुठळी दिसेनाशी व्हायला हवी. मगच ४ °से ला फिरवा. वर तुपाचा थर गोठतो, सुई त्याच्या खाली घालून मधलं द्रव घ्या. तळाला डोळ्याला दिसण्याइतका गाळ राहिला तर आणखी बफर घालून पुन्हा तापवा, तो फेकायचा नाही.

युरिया वापरायचा मोह होईल. वापरलात तर तापवू नका. ३७ च्या वर युरियातून सायनेट सुटतं आणि लायसिनवर ४३.००६ चं कार्बामिल बसतं. लॅक्टोज शोधताना लायसिन दुसऱ्याच कारणाने अडवले जातील. शिवाय ट्रिप्सिन घालण्याआधी १ मोलरच्या खाली पातळ करावं लागतं. एसडीएस (कडक डिटर्जंट) घेतलं तर मास स्पेकमध्ये जाण्याआधी पूर्ण काढणं भाग आहे, चुंबकी मण्यांवर किंवा गाळणीवर प्रथिन धरून. डीऑक्सिकोलेट आम्लात आपोआप साकळतं, तेवढं झंझट नाही. मात्र साक्यात तेलकट पेप्टाइड अडकतात. आम्ल घातल्यावर इथिल अ‍ॅसिटेटने धुतलं तर साका त्यात विरघळतो आणि पेप्टाइड पाण्यात राहतात. एलएसएफ त्यातल्या त्यात तेलकट आहे, म्हणून जड पेप्टाइड आम्ल घालण्याच्या आधी टाका, नंतर नाही.

आणखी एक, उकळलेल्या दुधाबद्दल. साय बाजूला काढून खालचं दूध मोजायला घेतलं तर सायीबरोबर प्रथिनही जातं. सायीत चरबीइतकंच साकळलेलं प्रथिन महत्त्वाचं असतं. साय मोडून, मिसळून, मगच नमुना काढा.

आयन_झेप

एक वेगळा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा ऑर्बिट्रॅपवर (वस्तुमान फार अचूक मोजणारं मास स्पेक) डीआयए (सगळ्या पेप्टाइडचे तुकडे एकदम नोंदवणं) घेऊन लेबलशिवाय तुलना का नको? सगळी प्रथिनं एकदम दिसतील.

अवनी_प्रथिन

दिसतील, आणि खव्यात काय-काय बदललंय ते हुडकायला ते उत्तम आहे. पण लेबलशिवायची बहुतेक गणितं एक गृहीत धरतात: दोन नमुन्यांत बरीचशी प्रथिनं जागच्या जागी आहेत, त्यांच्यावरून बाकीचं सरळ करून घ्या. कच्चं दूध आणि खवा यांत ते गृहीतच कोसळतं, कारण जवळपास प्रत्येक प्रथिनाचे लायसिन अडलेले असतात. शिवाय दुधातलं सुमारे ८० टक्के प्रथिन केसिनच. त्यांच्या थोड्याशा हालचालीने बाकी सगळ्यांचे आकडे हलतात. टीएमटी (अनेक नमुने एकत्र मोजायचं रासायनिक लेबल) लावलं तर आणखी एक भानगड. ते लेबल लायसिनला आणि टोकाच्या अमिनो गटालाच बसतं, आणि जिथे लॅक्टोज बसलाय तिथली जागा आधीच गेलेली. रक्तद्रवात शेकडो प्रथिनं चाळायची असतील तर माझं मत वेगळं पडेल. इथे एका प्रथिनाचा आकडा हवाय, तेव्हा एमआरएम, म्हणजे ट्रिपल क्वाडवर ठरलेले तुकडेच मोजणं.

ट्रिपलक्वाड

एमआरएमच्या सेटिंगबद्दल, धाग्यात राहावं म्हणून. २.१ × १०० मिमी सी-१८ कॉलम, ०.३ मिलिलिटर प्रति मिनिट, ४० °से, ५ ते ३५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल १२ मिनिटांत, दोन्हीत ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. पीक १० ते १५ सेकंद रुंद येतात. पीकवर किमान १० बिंदू हवेत, म्हणजे एक फेरी सेकंदाच्या आत. तीन पेप्टाइड (एलएसएफची दोन्ही रूपं धरून), प्रत्येकी तीन संक्रमणं (अख्खं पेप्टाइड ते तुकडा अशी जोडी), हलकं आणि जड मिळून १८. प्रत्येकाला २० मिलिसेकंद आणि मधे ५ चा विराम धरला तर ४५० मिलिसेकंद. सहज बसतं.

एलएसएफमध्ये वाय-१० इतका जोरात येतो तो प्रोलिनमुळे, एन-पीच्या मधला बंध पटकन तुटतो. पण एकट्या संक्रमणावर विसंबू नका. तिन्हींचं आपसातलं प्रमाण जड पेप्टाइडमध्ये जे असेल तेच हलक्यात, वीस टक्क्यांच्या आत, आलं पाहिजे. एखादंच फुगलं तर त्या खिडकीत दुसरं काही घुसलंय. ते संक्रमण काढा, सरासरी घेऊन झाकू नका.

पहिलं दीड मिनिट आणि शेवटची धुणी झडपेने बाहेर सोडा. डीऑक्सिकोलेटचा अंश स्रोतावर बसला की आठवड्याभरात सिग्नल बसतो.

व्हायल पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. पातळ जड पेप्टाइड नुसत्या पाण्यात ठेवू नका, ५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल आणि ०.१ टक्के फॉर्मिक आम्लात ठेवा, नाहीतर भिंतीला चिकटतं. व्हॅक्यूममध्ये पार खडखडीत सुकवलेले पेप्टाइड पुन्हा पूर्ण वर येत नाहीत.

दूधकट्टा

गाईच्या मिसळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

गाईचं पेप्टाइड मोजायला खरा शून्य नमुना लागतो, म्हणजे ज्यात गाईचा थेंब नाही असं म्हशीचं दूध. पिशवीतलं किंवा संकलन केंद्रावरचं दूध त्यासाठी नको. आपल्याकडे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात, तिथलं धारोष्ण दूध स्वतःच्या धुतलेल्या बाटलीत घ्या. माप किंवा तांब्या मधे नको, त्याला आधीचं दूध लागलेलं असू शकतं. एका म्हशीवर थांबू नका, वेगवेगळ्या म्हशींचं समप्रमाणात एकत्र करा. पंढरपुरी आणि मुऱ्हा दोन्ही असू द्या. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं नको. चिकाचं दूध असेल तर त्यात इम्युनोग्लोब्युलिनचा भडिमार असतो आणि एकूण प्रथिनाचा हिशेबच वेगळा. गाईच्या बाजूलाही तसंच, एचएफ संकरित आणि देशी मिळून एकत्र करा.

बर्फात आणा. त्याच दिवशी मलई काढून छोट्या नळ्यांत उणे ८० ला. दूध तपासणीचे नमुने फॉर्मलिन घालून टिकवायची सवय अनेकांना असते. या कामाला फॉर्मलिन घातलेला नमुना बाद समजा. फॉर्माल्डिहाइड लायसिनच पकडतो, प्रथिनं एकमेकांना बांधतो. ट्रिप्सिनला काही उरत नाही.

मग मिश्रणं: गाईचं ०, १, २, ५, १०, २५, ५०, १०० टक्के. प्रत्येक मिश्रण दूध म्हणूनच करा, डायजेस्ट मिसळून नको.

पन्हाळ्याचा_वारा

आणि भावा, प्रथिनाच्या पहिल्या जागेवर वेळ घालवू नका. तिथं गाईत ल्युसिन आणि म्हशीत आयसोल्युसिन हाय, फरक हाय खरा. पण दोघांचं वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत एकच. ट्रिपल क्वाडला त्यातलं काय कळणार न्हाई. १६२ वीच जागा कामाची, तिथं १४.०१६ चा फरक पडतो.

ट्रिपलक्वाड

दूधकट्टा यांनी चांगला मुद्दा काढला. त्यात एक धोका आहे, जड पेप्टाइडमधल्या हलक्या अंशाचा.

हिशेब बघा. बी-लॅक लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास, रेणूभार १८.३ किलोडाल्टन, म्हणजे साधारण १६४ मायक्रोमोलर. शंभरपट पातळ करून ५० मायक्रोलिटर घेतलं की ८२ पिकोमोल. म्हणून लोक गाईचं आणि म्हशीचं दोन्ही जड पेप्टाइड ८०-८० पिकोमोल टाकतात. आता गाईच्या जड पेप्टाइडमध्ये अर्धा टक्का हलकं राहिलेलं असेल, तर ०.४ पिकोमोल खोटं गाईचं पेप्टाइड आपणच घातलं. शुद्ध म्हशीच्या दुधात अर्धा टक्का गाय दिसणार.

म्हणून गाईचं जड पेप्टाइड ४ ते ८ पिकोमोलच टाका, म्हशीचं ८०. शिवाय प्रत्येक बॅचमध्ये एक व्हायल नुसत्या बफरमध्ये जड पेप्टाइड घातलेली चालवा, त्यात हलक्याच्या खिडकीत काय दिसतं ते नोंदवा. १०० टक्के गाईच्या नमुन्यानंतर लगेच एक कोरं इंजेक्शन द्या. मागचं उरलेलं सगळ्यात खालच्या पातळीच्या सिग्नलच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. नमुने कमी गाईपासून जास्तीकडे असे लावा.

रेषा बसवताना १/क्ष² चं वजन द्या. साध्या रेषेत १०० टक्क्याचा बिंदू सगळी रेषा स्वतःकडे ओढतो आणि १-२ टक्क्यावरचे आकडे वाऱ्यावर जातात. उलट मोजल्यावर प्रत्येक बिंदू १५ टक्क्यांच्या आत, सगळ्यात खालचा २० च्या आत आला तरच रेषा धरा.

आयन_झेप

बाजारात ए-२ दुधाची चर्चा असते. त्याच डायजेस्टमधून बीटा-केसिनचं ए-१, ए-२ पण निघेल का?

बीटालॅक

ट्रिप्सिनने नीट नाही. फरक ६७ व्या जागेवर आहे, ए-१ मध्ये हिस्टिडिन, ए-२ मध्ये प्रोलिन. ती जागा ४९ ते ९७ अशा ४९ अवशेषांच्या एकाच लांबलचक तुकड्यात येते, मधे एकही लायसिन-आर्जिनिन नाही. पाच हजार डाल्टनच्या वरचा, प्रोलिनने खच्चून भरलेला तुकडा. एमआरएमला अवघड. दुसरं विकर घ्या, किंवा अख्खं बीटा-केसिन मोजा: ए-१ चं वस्तुमान २४०२३, ए-२ चं २३९८३. म्हशीत ए-२ प्रकारच असतो, त्यामुळे या धाग्याच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

करवीरकन्या

शोधलेल्या पीकांची माहिती.

७६३.०५ खव्यात ठसठशीत मिळालं, १६२.०५ चं नुकसानही दिसलं. आटवलेल्या दुधात मध्यम, कच्च्यात पार्श्वभूमीच्या वर नाही. १२५-१३५ आणि १२५-१३८ ची बेरीज खव्यात व्हीएलव्ही आणि एलएसएफच्या मध्ये पडली. १४२-१४८ पण मध्येच, फक्त त्यात मेथिओनिन ऑक्सिडीकरणाचं (+१५.९९५) पीक मोजल्यावर. ५९७.३४ सगळ्या नमुन्यांत थोडं आहे. ते मिळवल्यावर कच्च्या दुधातला व्हीएलव्ही आणि एलएसएफमधला फरक आणखी कमी झाला. ८२९.९० नाही.

डीटीटी घालून मग फिरवल्यावर खव्याचा एलएसएफचा आकडा वर गेला. तळाला गाळ आता राहत नाही.

तेव्हा एकूण बी-लॅक एलएसएफच्या दोन्ही रूपांच्या बेरजेवरून देते. अहवालात काय शब्द वापरू? आणि खव्यासाठी एकक?

अवनी_प्रथिन

'एकूण बी-लॅक, १४९ ते १६२ या पेप्टाइडवरून' असं पेप्टाइडसकट लिहा. हे प्रथिन न बिघडलेल्या रूपात आहे असा दावा त्यात नाही, आणि तो करूही नका. व्हीएलव्ही काढून टाकू नका. कच्च्या दुधात तो एलएसएफशी जुळतोय ना, मग व्हीएलव्ही भागिले एलएसएफ हे गुणोत्तर प्रत्येक नमुन्यापुढे द्या. किती लायसिन अडलेत त्याचा तो सरळ निर्देशक आहे. गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर दूध फारसं तापलेलं नाही.

एकक: खव्यात पाण्याचं प्रमाण कढईगणिक बदलतं. १०२ °से ला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून, कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे मिलिग्रॅम द्या. किंवा जेल्डाल पद्धतीने मोजलेला नायट्रोजन ६.३८ ने गुणून, एकूण प्रथिनाच्या ग्रॅममागे. बीसीए या रंगाच्या चाचणीवर एकूण प्रथिन मोजू नका. लॅक्टोज आणि डीटीटी दोघंही त्यात रंग देतात.

दूधकट्टा

गाईच्या टक्क्याचं एकच राहिलं. गाईचं एलएसएफ भागिले दोन्ही एलएसएफची बेरीज, हा आला बी-लॅकमधला गाईचा वाटा. दुधातला नाही. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात बी-लॅकचं प्रमाण तंतोतंत सारखं नसतं, जनावरागणिकही बदलतं. म्हणून गुणोत्तरावरून थेट टक्के न सांगता मिश्रणांच्या रेषेवरूनच वाचा. खव्यासाठी रेषाही खव्याचीच हवी: तीच मिश्रणं आटवून, त्याच कढईत, त्याच वेळेत.

दुधात स्किम पावडर घातली असेल तर ती बहुधा गाईचीच असते आणि आधीच तापलेली. तेव्हा 'कच्चं' म्हणून आलेल्या म्हशीच्या दुधात गाईचं पेप्टाइड दिसलं आणि त्याच नमुन्यात व्हीएलव्हीचं गुणोत्तरही घसरलेलं असलं, तर ७६३.०५ पुन्हा चालवा. तिथे पीक निघालं तर गोठ्यातलं ताजं गाईचं दूध मिसळलंय असं लिहू नका, पावडरचा संशय लिहा.

करवीरकन्या

व्हीएलव्ही/एलएसएफ आणि ७६३.०५ दोन्ही नेहमीच्या बॅचमध्ये घेतले. खव्याची मिश्रणं आटवायला घेते. रेषा बसली की इथेच उतार आणि सगळ्यात खालची पातळी टाकते.